घट

हेमांगी इंगवले गुजरीत आली तेव्हा
मी कारल्याचं तोंड बंद करत होतो,
साजातलं कारलं, पोटात लाख घेऊन फुगलेलं.

सहा वर्षं जपानात होते म्हणाली,
कानाझावा नावाच्या गावात.
तिथं सोन्याचा वर्ख इतका पातळ करतात
की श्वास सोडायचा तर मान वळवून.

मग तिनं वहीतनं एक पान काढलं.
करंजाचं, रंकाळ्याच्या कडेला पडलेलं.
मधे एक भोक, डाव्या अंगाला दुसरं,
शिरा मात्र शाबूत,
भोकांच्या काठाकाठानं देठापर्यंत आलेल्या.

"अंबाड्यात खोवायला काटा पायजे. अस्साच. सोन्यात."

म्हटलं, ताई, पान करतो की,
निम्मं आयुष्य पानंच केली.
एकवीस पानांचा साज डोळे झाकून उठवतो.
पण किडकं?
तुमच्या सासूबाई मला गुजरीतनं उठवतील.

ती हसली. तिकडचा म्हातारा सोनार म्हणायचा,
आधी भोक घडवा, मग त्याच्याभोवती पान.

म्हणायला काय जातंय.

पहिलं पान दोन्हीकडनं सारखं झालं,
देवीच्या गळ्यात शोभेल असं. वितळवलं.
दुसऱ्याचं भोक गोल, गरगरीत.
अळी काय कंपास घेऊन बसते खायला?
तेही मुशीत.

मग करंजाची फांदी आणली,
अळीसकट,
बिस्किटाच्या बरणीत, तोंडाला फडकं बांधून.
तीन रात्री भिंग लावून बसलो.
बायको म्हणाली, अठ्ठावन्नाव्या वर्षी
शाळेतला प्रयोग काढलाय होय?

अळी कडेनं सुरू करते.
मान वर, मान खाली,
जाईल तितक्या घेरात एक कमान खाते,
मग पाय सरकवून पुढची.
जाड शिरेपाशी थांबते.
कडू लागत असेल, किंवा दात लागत नसेल.
मी उगाच तिला शहाणपण चिकटवत नाही.
पण थांबते, आणि वळसा घालते,
आणि तिनं सोडलेलं तेवढंच
शेवटी पान म्हणून दिसतं.

चौथ्या दिवशी केसाएवढी करवत बाजूला ठेवली.
कानस घेतली, सगळ्यात बारीक.
मान वर, मान खाली.
पत्र्यातनं कण कण खात गेलो,
शिरेपाशी थांबलो,
तिथं माझाही हात आपोआप वळला.
बागेसरीतले निखारे कधी विझले कळलं नाही.
लाख भरायला पोकळी मागणारी बोटं
पहिल्यांदाच रिकामी उठली
आणि त्यांना काही कमी वाटलं नाही.

हेमांगीनं आरशाशिवायच काटा खोवला.
भोकातनं काळे केस दिसले,
तेव्हा पान पुरं झालं.

पोरानं कॉम्प्युटरवर बिल काढलं:
वजन, टंच, मजुरी, घट.
भोकाला रकाना नव्हता.
मी पेन घेतलं, घटीपुढं लिहिलं,
अळीनं खाल्लं, दोन गुंजा.
पोरगा म्हणाला, बाबा, जीएसटीत चालत नाही असलं.
ती म्हणाली, राहू द्या,
ह्याचेच तर पैसे देते मी.

झोळीत आलेला कीस मुशीत गेला.
जे उडालं, फरशीच्या फटीत बसलं,
माझ्या धोतराला लागून पायरीपर्यंत गेलं,
ते शनिवारी सुंद्राक्का झारेकरणीनं
केरसुणीनं गोळा केलं, राखेसकट, केसांसकट.
गटाराच्या कडेला उकिडवी बसून
पाटीत पाणी घोळवत राहिली.
माती जात राहिली.
तळाशी पिवळी रेघ उरली, नखाएवढी,
वाकडी,
करंजाच्या पानावरच्या त्या कमानीसारखी.

"एवढं कसं वं आज, मालक?"

म्हटलं, अळी लागली होती.

तिनं रेघ पदराच्या टोकाला बांधली,
दोनदा गाठ मारली,
"मग लागू दे की," म्हणाली, "दर शनवारी."